बास गिटार बघण्याचा कार्यक्रम

वरवंड,
दसरा होऊन गेला त्यानंतरचा मंगळवार

न्हावऱ्याच्या सौ. तुळजाबाई विहीणबाई यांना वरवंडच्या सुषमाचा मनापासून नमस्कार, आणि तुमच्या घरातल्या लहानथोरांना ज्याला जे शोभेल ते. इकडे सगळं ठीक आहे. तुमचा गुडघा, तुमच्या मालकांची साखर आणि ती गाभण कालवड, या तिघांचं कसं काय चाललंय ते सविस्तर कळवा. आमच्या ह्यांचे कान होते तसेच आहेत, म्हणजे दिसायला उत्तम. ऐकायचं मशीन आणून दिलं तर म्हणतात, "कानात किडा शिरल्यावानी वाटतंय," आणि ते डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवून दिलंय. रोज त्यालाही हळदकुंकू लागतं.

तुम्ही म्हणाल, फोन सोडून पत्र कशाला? फोनच केला असता. पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर टाकून ओसरीत ठेवायची रीत आहे. मी तुम्हाला काही विचारावं आणि उत्तर तुमच्या दिरांनी द्यावं असं बऱ्याचदा झालंय. मेसेज लिहावा तर माझा मेसेज हटकून सगळ्या पाहुण्यांच्या ग्रुपवर जातो. (मागं तुमच्या चकल्यांविषयी जे गेलं ते त्यातलंच. मनावर घेऊ नका. चहात बुडवल्यावर चांगल्या लागल्या.) अंगणवाडीत सेविका होते तेव्हा जन्मभर अहवालच लिहिले, तेव्हा लिहायला मी भीत नाही. शिवाय हा विषय असा आहे की तुम्ही तो बसून, एकट्यानं, पाण्याचा तांब्या जवळ घेऊन वाचावा.

आधी तुमच्या मनातलं काढून टाकते. मागल्या महिन्यात एका रविवारी आमची गाडी न्हावऱ्यावरून गेली आणि थांबली नाही, हे तुमच्या चौकातल्या संपत किराणावाल्यानं आम्ही शिक्रापूरला पोचायच्या आत तुम्हाला सांगितलं असणार. गेली, हे खरं. मी पदर ओढून मान खाली घातली होती, हेही खरं. पण त्यात अवमान नव्हता हो! गाडीत तुमची मोनाली होती. "आईला कळलं तर ती दोन दिवस जेवायची न्हाई," असं म्हणून तिनं माझा हात घट्ट धरला होता. आणि आम्ही चाललो होतो सणसवाडीला, बास गिटार बघायला. झालं, लिहून टाकलं. आता पाणी प्या आणि पुढचं वाचा.

सुरुवात श्रावणात झाली. माझ्या ध्यानात आलं की पोरीची दोन बोटं चालतात. उजव्या हाताची. भाजी चिरून झाली की ओट्यावर, टीव्ही बघताना मांडीवर, आणि एकदा माझ्या पाठीला तेल लावताना माझ्याच पाठीवर. अंगठ्याजवळचं, मधलं, पुन्हा अंगठ्याजवळचं, पुन्हा मधलं, खेकडा चालावा तशी. मी घाबरले. म्हटलं शिरेचं दुखणं दिसतंय. यवतला डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी बोटं दुप्पट वेगानं चालायला लागली. शेजारच्या कुशाबाई म्हणाल्या, "ही बाधा हाय. आमावशेला उतरून टाका." (कुशाबाईंना कशातही बाधाच दिसते. त्यांच्या मिक्सरलाही झाली होती.) मी तरी काय करणार, लिंबू आणलं. ते मुठीत धरून मी मोनालीभोवती फिरायला लागले तशी पोरगी आधी हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि मग जे पोटात होतं ते सगळं बाहेर आलं.

शिरूरच्या कॉलेजात असताना ती बास गिटार वाजवायची. युवक महोत्सवात तिच्या संघानं ढाल जिंकली होती. लग्न ठरलं तशी कॉलेजची गिटार कॉलेजात परत गेली आणि तुम्ही तिला बजावलंत की सासरी ह्यातला एक शब्द काढायचा नाही. तिनं काढला नाही. बोटांना मात्र कुणी बजावलं नव्हतं.

विहीणबाई, मी रागावलेले नाही. मुलीच्या आईला काय काय झाकावं लागतं ते मला कळतं. पण मुलगी बघायला आलो तेव्हा तुम्ही आम्हाला मण्यांचं तोरण दाखवलंत (ते तुमच्या धाकट्या जावेनं केलेलं होतं, हे पुढं कळलं), लोकरीचा ससा दाखवलात (तो कुणी केला ते अजून कळलं नाही), आणि ढाल कपाटामागं ठेवलीत! उलट करायला हवं होतं. आमचा विक्रम तोरणाकडे बघतसुद्धा नव्हता. ढाल बघून तो जागच्या जागी उठून उभा राहिला असता.

तर तिच्या यवतच्या शाळेत, जिथं ती कॉम्प्युटर शिकवते, तिथल्या शिक्षकांनी मिळून गॅदरिंगसाठी वाद्यवृंद काढलाय. गाण्याच्या अनुपमाबाई कीबोर्डवर, पीटीचे सर ड्रमवर, आणि बासला कुणीच नाही. ही बास म्हणजे दिसायला गिटारच, पण साध्या गिटारीला सहा तारा आणि हिला चार, त्यासुद्धा वाळवणाच्या दोरीची आठवण यावी अशा जाड. साधी गिटार गाते, ही नुसती हुंकार देते. गाणं चालू असताना ती वाजतेय हे कुणाच्या लक्षात येत नाही. थांबली की सगळे इकडंतिकडं बघायला लागतात की घरातलं कोण उठून गेलं! (हे शब्द मोनालीचे. मला आवडले म्हणून घेतले.) पगार तिचा, हौस तिची. आमच्याकडं फक्त एवढंच काम की बरोबर जायचं आणि पोरीला कुणी फसवू द्यायचं नाही. मी आजवर बाजारातून जेवढ्या म्हशी आणल्या त्यातली एक लाथाडी निघाली नाही. तेव्हा पारख करायला मीच जाणार हे ठरलेलंच होतं, आणि मी गेले म्हणजे हे आलेच, कारण ह्यांना घरी ठेवलं तर दूधवाला बेल वाजवून वाजवून परत जातो.

पहिल्यांदा पुण्याला गेलो. काय ते दुकान! चारी भिंतींना गिटारी टांगलेल्या, आपल्याकडं माळ्याला बियाण्याची कणसं टांगतात तशा. लाल, निळ्या, काळ्या, एक तर आरपार दिसणारी. दुकानातल्या शेंडीवाल्या मुलानं (शेंडी म्हणजे आपली नव्हे, पोरींसारखी बांधलेली) विचारलं, "मॅडम, चार तारांची की पाच?" मी म्हटलं पाचचीच दाखव, एक जास्त मिळतेय ती का सोडा. त्यानं जी काढली तिच्या पोटात बॅटरी होती. बॅटरी संपली तर काय? तर आवाज बंद. मी म्हणाले, "मग बिनबॅटरीची दाखव बाबा. आमच्याकडं लाइटीचा भरवसा न्हाई." तो अदबीनं म्हणाला की मॅडम, गिटार बिनबॅटरीची असली तरी आवाजाचा खोका लाइटीवरच चालतो. मी विषय बदलला.

मग मी गिटार आडवी धरून, एक डोळा मिटून, तिच्या मानेवरून नजर टाकली, आपण खोऱ्याचा दांडा घेताना बघतो तशी. मधे जरा खोलगट वाटली. "वाकडी हाय!" मी मोठ्यानं म्हणाले, बाकीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं. त्यानं भाव पडतो. पण तो मुलगा म्हणतो कसा, मॅडम, एवढी खोल असावीच लागते, नाहीतर तार पट्ट्यांना घासून खरखरते. मोनालीनंही मान हलवली. मग मी शेजारची उचलली, तशीच बघितली आणि म्हणाले, "ही मातूर फारच सरळ हाय." बाजारात माघार घ्यायची नसते.

आता मुख्य गोष्ट. दुकानात बसायला काही नव्हतं म्हणून हे एका काळ्या खोक्यावर जाऊन बसले. तो खोका म्हणजेच तो आवाजाचा. इकडं मोनालीनं ती पाच तारांची गळ्यात अडकवली आणि सगळ्यात जाड तारेवर बोट मारलं. विहीणबाई, काय सांगू! कानाला पुरतं ऐकू यायच्या आधी पोटात काहीतरी हललं. भिंतीवरच्या सगळ्या गिटारी आपोआप कुजबुजल्या. आणि हे ताडकन उठले, खिशातून फोन काढला, कानाला लावला आणि ओरडले, "हॅलो! कोन बोलतंय?" दुकान हसलं. ह्यांना काही कळेना. फोन बघितला, कुणाचा नाही, पुन्हा बसले. मोनालीनं पुन्हा तार छेडली. हे पुन्हा उठले. "हॅलो! आवाज येत न्हाई!"

तिसऱ्यांदा मात्र हे उठले नाहीत. फोन खिशातच राहू दिला. दोन्ही हात खोक्यावर टेकले आणि नुसतेच थांबले. मग मोनालीकडं बघून म्हणाले, "वाजीव गं. पुन्यांदा वाजीव." तुम्हाला ठाऊक आहे, हे सुनेशी फार बोलत नाहीत. प्रेम नाही म्हणून नव्हे. तिनं उत्तर दिलं आणि ते ऐकू आलं नाही तर काय, या धाकानं. भजनी मंडळात पखवाज होता ह्यांच्याकडं, आसपासच्या गावांत असा हात नव्हता. ऐकू येईना तसं आधी मागं बसायला लागले, मग जायचेच थांबले, आणि पखवाजाला गवसणी घातली ती घातलीच. तोच माणूस पुण्याच्या दुकानात खोक्यावर बसून गुडघ्यावर ठेका धरत होता, आणि विहीणबाई, ठेका बरोबर पडत होता! शेंडीवाला मुलगा म्हणाला, "काका, मस्त!" ते ह्यांना ऐकू गेलं नाही, पण त्याच्या तोंडावरून कळलं.

तरी ती घेतली नाही. ती गिटार गळ्यात घातली की मोनाली लोढणं बांधलेल्या वासरासारखी एका बाजूला कलायची, आणि मानेच्या टोकाकडच्या पट्ट्यांना हात पोचवताना उंच फांदीवरचा पेरू काढत असल्यासारखी दिसायची. मुलगा म्हणाला की आखूड मानेचीही असते, पण दुकानात आत्ता नाही. परत येताना गाडीत हे तीन वेळा म्हणाले, "त्यो खोका तरी घ्यायचा व्हता."

दुसरी गिटार सणसवाडीची. विक्रमच्या कंपनीत आसामकडचा बिरेन म्हणून एक मुलगा आहे. त्यानं कंपनीच्या ग्रुपवर टाकलं होतं की बास विकायची आहे. त्या दिवशीच आमची गाडी तुमच्या दारावरून गेली. खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना शिडीसारखा, आणि आत एकाला एक लागून गाद्या. रात्रपाळीचा एक जण तोंडावर टॉवेल घेऊन झोपलेला, म्हणून सगळं बोलणं कुजबुजत. बिरेननं गादीखालून गिटार काढली, फडक्यानं पुसली, पुन्हा पुसली, आणि मग माझ्याशी असं बोलायला लागला की मी चक्रावलेच. म्हणतो, "आंटी, इसका एक तार आवाज करता है." मी म्हटलं, बरं. "आंटी, यहाँ से थोड़ा रंग गया है." ते दिसतच होतं. "आंटी, बारिश में इसका मन खराब होता है."

आता तुम्हीच सांगा, सगळ्या बाजारात असा विकणारा कुणी बघितलाय का, जो म्हशीचं शेपूट धरून सांगतो की ही दूध कमी देते? मी म्हटलं यात डाव आहे. चांगला माल झाकायचा असणार, दुसऱ्या कुणाला तरी जास्त भावात द्यायचा असणार. मी कमरेला पदर खोचला आणि घासाघीस सुरू केली. मी भाव कमी केला की तो आणखी एक दोष सांगायचा. मी आणखी कमी केला की तो म्हणायचा, हाँ आंटी, इतना भी ज़्यादा है. मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच घासाघीस हरत होते, आणि तीसुद्धा जिंकता जिंकता!

मोनालीनं ती मांडीवर घेतली, खोका न लावता हळूच वाजवली. खोका नसला की बासचा आवाज डास गुणगुणल्यासारखा. पण बिरेनचे ओठ हलायला लागले, आणि त्या झोपलेल्या माणसाच्या पायाचा अंगठा टॉवेलखालून, नव्हे, चादरीखालून बाहेर येऊन ठेका धरायला लागला. मोनाली थांबली तर अंगठा थांबला. तिनं गिटार बिरेनच्या हातात परत दिली आणि विचारलं, "भैया, बेचना नहीं है ना?" त्यानं ती पुन्हा फडक्यानं पुसली. मग म्हणाला की खोलीत जागा नाही, सगळे म्हणतात बेच दो. त्यावर तो झोपलेला माणूस टॉवेल न काढता म्हणाला, "मैंने कब बोला?" आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागला. मी बिरेनला असा दटावला, असा दटावला! म्हटलं विकायची नाही तर ग्रुपवर टाकतोस कशाला, माणसं लांबून येतात, पाहुण्यांच्या दारावरून मान खाली घालून येतात! तो दर वाक्याला "जी आंटी" म्हणत हसत होता. मग त्यानं आम्हाला काळा चहा पाजला. बिनदुधाचा असून चांगला होता. (परत येताना तरी न्हावऱ्याला थांबायचं होतं, पण रिकाम्या हातानं आणि रडव्या तोंडानं पोरीला आईच्या दारात कसं उभं करू? म्हणून थांबलो नाही. आता तरी समजून घ्या.)

तिसरी दौंडची. अनुपमाबाईंनी पत्ता दिला, रेल्वेच्या वस्तीमागं एक फिलोमिना आंटी राहतात, त्यांच्याकडं जुनी आखूड मानेची बास आहे, पण त्या कुणाला देत नाहीत, म्हणजे देतात म्हणतात आणि आलेल्याला परत पाठवतात. आंटींचे मालक रेल्वेत गार्ड होते, ते वारले. मला वाटलं कुणा गेलेल्या माणसाची आठवण म्हणून गिटार ठेवली असेल, त्यांना दोन धीराचे शब्द बोलावे लागतील. ते मी रस्ताभर जुळवत होते. दार उघडलं तर समोर पांढऱ्या बॉबकटची, फुलाफुलांच्या गाऊनातली, माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठी बाई. म्हणाली, "गिटार बघायला आलाय की मला बघायला? बसा. वाजवणारी कोण? ही? नखं दाखव."

आमचे धीराचे शब्द तोंडातच राहिले! विहीणबाई, आपण मुली दाखवल्या, मुली बघितल्या, पण त्या दिवशी जे झालं ते मी आयुष्यात बघितलं नव्हतं. गिटार आतल्या खोलीत, आणि परीक्षा आमची. घरी कोण कोण असतं? गिटार कुठं ठेवणार? चुलीजवळ की कोरड्या जागी? नवरा कसा आहे, ओरडतो का? सासू कशी आहे? यावर मोनाली माझ्याकडं बघायला लागली. मीच म्हणाले, "सासू चांगली हाय." आंटी म्हणाल्या, "तुम्हाला नाही विचारलं." मोनाली म्हणाली, "लिंबू उतरवते, पण चांगली आहे." आणि दोघी अशा हसल्या की मला राग यायच्या ऐवजी बरंच वाटलं.

मग त्यांनी गिटार आणली. कडेला काळी, मधे मधासारखी पिवळी, कंपनीचं नाव केव्हाच खरवडून गेलेलं. त्यांचा दीर बोटीवर होता, त्यानं जपानहून आणलेली. मी विचारलं, मालक वाजवायचे का? आंटींनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मालक? ते टाळ्यासुद्धा बेतालात वाजवायचे. ही माझी." आणि त्या खुर्चीवर बसल्या, गाऊनवरच गिटार घेतली, आणि त्या बाईनं वाजवायला सुरुवात केली!

तरुणपणी दौंडच्या रेल्वे क्लबात नाच असायचे, नाताळाला, नव्या वर्षाला. तिथं वाजवायच्या. पुढं उभे राहणारे सगळे पुरुष, कोटवाले, आणि मागं खांबाशी ही एकटी बाई. "पुढचे सगळे चुकायचे," आंटी म्हणाल्या, "मी चुकले तर नाचणाऱ्यांचे पाय थांबायचे." आता बोटांचे सांधे धरलेत, चार-दोन मिनिटांच्या वर जमत नाही. पण ती चार-दोन मिनिटं, विहीणबाई! मी त्यांच्या शेजारी बसले होते, खुर्चीच्या लाकडातून ते माझ्या हाडांत येत होतं. पांढरे केस, गाऊन, पायात सपाता, आणि हातात ही. मला आजवर वाटायचं या वयात बाईनं पोथी वाचावी, वाती कराव्यात, सुनेच्या कामाकडं बारीक लक्ष ठेवावं. म्हणजे तसंच असतं, मी काही वेगळं म्हणत नाही. पण मी बघतच राहिले.

मग मोनालीनं वाजवली. आखूड मानेवर तिचा हात असा फिरत होता की जणू तिच्याच मापानं केलेली. आंटी डोळे मिटून ऐकत होत्या. ह्यांनी विचारल्याशिवाय तिथल्या खोक्यावर जागा धरली होती आणि मांडीवर दोन्ही हातांनी चक्क पखवाजाचे बोल काढत होते. आंटींनी एक डोळा उघडून विचारलं, "मिस्टर कुठं वाजवतात?" मी म्हटलं, वाजवायचे, आता ऐकू येत नाही. त्या म्हणाल्या, "ऐकू कशाला यायला हवं? बसू दे त्यांना. खोका पण घेऊन जा, मला कशाला आता." आणि गिटार मोनालीच्या हातून काढून माझ्या मांडीवर ठेवली. "धरून बघा, घरात येणार आहे तर." मी धरली. एक बोट मारलं. बास, एकच.

भाव त्यांनीच सांगितला, तो इतका सरळ होता की मी कमी करायचं विसरले.

येतानाची हकिकत थोडक्यात सांगते. गिटार माझ्या जुन्या गोधडीत गुंडाळली, खोका ह्यांनी मांडीवर घेतला. एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "मावशी, हे काय?" मी म्हटलं, सुनेची बास. त्याला ऐकू आलं सुनेची सास. तो गोधडीकडं बघून दोन पावलं मागं सरला. पाटसपर्यंत आमच्या शेजारच्या सीटवर कुणी बसलं नाही, ऐसपैस आलो.

आता रोज संध्याकाळी मोनाली शाळेतून आली, चहा झाला, की वाजवते. हे त्या वेळेला कुठंही असले तरी घरी येतात. खोका त्यांनी आपल्या खाटेच्या पायाला टेकवून ठेवलाय आणि पखवाजाची गवसणी काढलीय. पुढच्या एकादशीला भजनाला सुनेला आणि खोक्याला घेऊन जायचं असं त्यांचं चाललंय. मंडळात दोन मतं आहेत. विक्रम शनिवारी आला की बायकोसमोर असा बसतो, जसा ढालीसमोर बसला असता. कुशाबाई म्हणतात, "बाधा उतरली न्हाई, घरभर पसारली." मी त्यांना म्हटलं, व्हय.

तेव्हा विहीणबाई, तुम्ही मनात काही ठेवू नका, रडू नका, जेवण सोडू नका. तुमच्या मुलीनं सासरी काही चुकीचं केलेलं नाही. उलट एक विनंती, ती ढाल कपाटामागून काढून पुसून पाठवा, आमच्या बैठकीत लावायची आहे. मला या वाद्यातलं काही कळत नाही, मी आपली पोथी वाचते. एवढंच कळतं की बोट पट्टीच्या अगदी मागं, तिला खेटून दाबलं तर आवाज स्वच्छ येतो, आणि दुसऱ्या तारेवरून तिसरीवर जाताना आधीची तार तळव्यानं गप्प करावी लागते. एवढं कुणालाही कळेल.

सगळ्यांना सांभाळा, गुडघ्याला ऊब द्या.

तुमची विहीण,
सुषमा

ता. क. दिवाळीचं लिहायचं राहिलं. मोनालीला माहेरी कधी पाठवता म्हणून तुम्ही दर वर्षी विचारता आणि मी दर वर्षी दोन दिवसांच्या वर देत नाही. या वर्षी तिला चांगले दहा दिवस ठेवून घ्या. लाड करा. मात्र ती गिटार बरोबर आणायची म्हणेल. तुम्ही स्पष्ट सांगा की आपल्याकडं जागा नाही, दिरांची झोपमोड होते, एस.टी.त मोडेल, काय वाटेल ते सांगा, पण गिटार वरवंडलाच राहू द्या. मी असं म्हणाले हे तिला कळू देऊ नका. कारण विचारू नका.

आणखी एक ता. क. विचारालच, म्हणून सांगते. ती शाळेत गेली की मी वाजवते. रोज. हे शेतावर असले की दार लावून, घरी असले की दार उघडं ठेवून, त्यांना खाटेवर कळतंच. एक ओळ जमत आली आहे, पण चौथ्या सुराला माझी करंगळी रुसते. नुसती दुपार पुरत नाही हो. दहा दिवस सलग मिळाले तर मी ती ओळ काढीन, नाव नाही सांगणार. फिलोमिना आंटी चौऱ्याहत्तरीच्या आहेत, मी तर अजून साठीचीसुद्धा पुरती नाही.

शुक्रवार. पाकीट चिकटवलं होतं ते फोडून लिहिते आहे, कारण वरचं सगळं रद्द. काल शाळा लवकर सुटली आणि मी करंगळीशी भांडत बसले होते ते मोनाली दारात कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. मला वाटलं आता जमीन दुभंगावी. मी म्हटलं, "अगं, धूळ पुसत व्हते." तिनं चप्पल काढली, माझ्या मागं येऊन बसली, माझा डावा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आई, अंगठा मानेच्या मागं घ्या. मग करंगळी पोचती." विहीणबाई, पोचली! पहिल्या झटक्यात पोचली! मी तीन आठवडे डोकं फोडत होते ते या पोरीनं एका अंगठ्यात सोडवलं. आता ती मला रोज संध्याकाळी अर्धा तास शिकवणार आहे, नवीन ओळ आजच दिली, आणि ती अवघड आहे, शिकवणारी समोर नसेल तर माझ्यानं होणार नाही.

तेव्हा दहा दिवसांचं विसरा. भाऊबीजेला ओवाळून झालं की त्याच संध्याकाळच्या एस.टी.त तिला बसवून द्या. रहा म्हणू नका, जेवून जा म्हणू नका, डबा हातात द्या. गावात कुणी विचारलं की सून एवढ्या लवकर का चालली, तर सांगा, सासूला तिच्याशिवाय करमत नाही. खोटं नाही ते.